जेक्वेरीतले फिल्टर आणि फाइंड: नाटकांच्या वेळापत्रकातून हव्या त्याच ओळी कशा निवडाव्यात?

अंत्रुजकर

नमस्कार मंडळी. जत्रा आणि काल्यांच्या निमित्ताने आमच्या फोंडा तालुक्यात गावोगावी जी मराठी नाटके होतात, त्यांचे वेळापत्रक मी एका पानावर ठेवतो. आरंभी ते आसपासच्या चार गावांपुरते होते. पुढे सत्तरी, डिचोली, पेडणे आणि बार्देशमधील मंडळेही आपले प्रयोग कळवू लागली, यादी लांबत गेली, आणि आता फोनवर पाहणाऱ्याला आपल्या तालुक्यातला प्रयोग सापडेपर्यंत बराच वेळ बोट फिरवावे लागते. म्हणून वर तालुक्यांची बटणे द्यावीत आणि बटण दाबल्यावर तेवढ्याच ओळी दिसाव्यात, असे ठरवले आहे.

पानाची रचना अशी: एक मोठे टेबल, त्यात प्रत्येक प्रयोगाची एक ओळ, ओळीत गाव, देवस्थान, तिथी, नाटक आणि मंडळ, आणि शेवटच्या रकान्यात भूमिका व कलाकार यांचे एक छोटे टेबल. प्रत्येक ओळीच्या टीआर टॅगला (एचटीएमएलमध्ये टेबलाची ओळ दाखवणारा टॅग) तालुक्याच्या नावाचा क्लास देवनागरीतच दिलेला आहे. पानावर जेक्वेरी, म्हणजे पानावरचे घटक निवडायची आणि हाताळायची जावास्क्रिप्टची लायब्ररी, आधीपासून आहे. टेबलातल्या सर्व ओळी ‘ओळी’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये घेऊन त्यावर फाइंड चालवून ‘.फोंडा’ मागितले, तर लेंग्थ, म्हणजे हाती आलेल्या घटकांची संख्या, शून्य येते. त्याच जागी फिल्टर लिहिले की ओळी बरोबर मिळतात. हे असे का, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न असा की एकाआड एक ओळींना जो फिकट रंग दिला आहे, तो काही ओळी लपवल्यावर विस्कटतो. दोन रंगीत ओळी लागोपाठ येतात. त्यावर सरळ उपाय कोणता? आणि तिसरा, जरा मोठा प्रश्न: जेक्वेरी आता सोडून द्यावी असे बरेच जण सांगतात. एवढ्या कामासाठी ती सोडावी का?

कुळागर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण हा फरक एकदा पक्का झाला की या लायब्ररीतले निम्मे काम सोपे होते.

जेक्वेरीत काहीही मागितले की हाती एक संच येतो. पुढची प्रत्येक मेथड, म्हणजे संचावर चालवायची आज्ञा, त्या संचाचे काय करणार, हे आधी स्वतःला विचारावे: ती याच संचातले काही घटक ठेवणार, संचातल्या घटकांच्या पोटात शिरणार, की त्यांच्या वर चढणार? फिल्टर, नॉट, हॅज, इक्यू आणि स्लाइस या मेथड संच चाळतात; हाती आधी जे होते त्यातलेच काही उरते, नवे काही येत नाही. फाइंड आणि चिल्ड्रन आत शिरतात. त्यांचा शोध मूळ घटकाला स्वतःला धरत नाही. पेरेंट, पेरेंट्स आणि क्लोजेस्ट वर चढतात.

मंडपात बसलेल्या लोकांना ‘तुमच्यापैकी फोंड्याचे कोण ते उभे राहा’ असे सांगणे म्हणजे फिल्टर, आणि ‘तुमच्या मुलाबाळांपैकी फोंड्यात कोण राहते ते सांगा’ असे विचारणे म्हणजे फाइंड. आपल्या पानावर ‘.फोंडा’ हा क्लास टीआर टॅगवरच आहे. ओळी हाती असताना फाइंड केले, की तो त्या ओळींच्या आतले टीडी म्हणजे रकाने, आतले छोटे टेबल, त्यातल्या ओळी असे सगळे पाहून येतो. तिथे फोंडा हा क्लास कुठेच नाही, म्हणून संच रिकामा. जेक्वेरीची रीत अशी की रिकाम्या संचावर पुढची कितीही कामे सांगितली तरी ती तक्रार करत नाही, एरर दाखवत नाही. त्यामुळे काही घडत नाही असे वाटले की सर्वांत आधी लेंग्थ पाहावी. तुम्ही ती पाहिलीत हे उत्तम केले.

हॅज आणि फाइंड यांतही बरेच जण गोंधळतात. ज्या प्रयोगांचा पात्रपरिचय आला आहे तेवढ्याच ओळी हव्या असतील, तर ओळींवर हॅज लावून आतले टेबल मागायचे. हाती ओळीच राहतात. तेच फाइंडने मागितले तर हाती आतली टेबले येतात, ओळी सुटतात. इझ ही मेथड मात्र संच देत नाही, फक्त हो किंवा नाही सांगते, आणि संचातला एक घटक जुळला तरी ‘हो’ म्हणते.

बेतीची फेरी

कुळागरबाब, उत्तम लिहिले आहे. एक भर घालते. क्लोजेस्ट आणि पेरेंट्स या दोन्ही वर चढतात, पण क्लोजेस्ट स्वतःपासून सुरुवात करते आणि पहिला जुळणारा घटक मिळताच थांबते. पेरेंट्स स्वतःला वगळून वरच्या पिढीपासून सुरू होते आणि जुळणारे सगळे पूर्वज आणते. अंत्रुजकर यांच्या पानावर टेबलात टेबल आहे, त्यामुळे आतल्या एखाद्या नावावर क्लिक झाल्यावर क्लोजेस्टने टीआर मागितला तर आतल्या छोट्या टेबलाची ओळ मिळेल, प्रयोगाची ओळ मिळणार नाही. प्रयोगाच्या ओळींना ‘प्रयोग’ असा एक समान क्लास द्यावा आणि वर चढताना तोच मागावा.

सत्तरीचा वाटसरू

टेबलात टेबल आहे हे वाचून माझी शंका निराळीच आहे. ‘ओळी’मध्ये नक्की काय घेतले आहे? टेबलाच्या आयडीवर फाइंड करून टीआर मागितले असतील, तर पात्रपरिचयाच्या आतल्या ओळीसुद्धा त्या संचात आलेल्या असणार.

अंत्रुजकर

होय, तसेच आहे. संचात आतल्या ओळीही येतात. त्या टाळण्यासाठी टेबलावर चिल्ड्रन लावून टीआर मागितले, तर एकही ओळ मिळाली नाही. एचटीएमएलमध्ये तर मी टेबलाच्या लगेच आत टीआर लिहिले आहेत.

सत्तरीचा वाटसरू

आपण लिहिले नसले तरी ब्राउझर एचटीएमएल वाचताना टेबल आणि टीआर यांच्या मध्ये टीबॉडी हा सर्व ओळींना पोटात घेणारा टॅग घालतो. त्यामुळे टेबलाचे थेट अपत्य टीबॉडी, आणि टीआर हे त्याचे अपत्य. मूळ फाइलमध्ये ते दिसणार नाही. ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये पान उघडून पाहिले की दिसेल. म्हणून टेबल, मग टीबॉडी, मग टीआर अशी थेट अपत्याची साखळी लिहावी, म्हणजे प्रत्येकाच्या मध्ये ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह ठेवावे. एवढ्याने आतल्या ओळी आपोआप बाहेर राहतात. टीबॉडी स्वतःही लिहून टाकलेला बरा. पुढे पान हाताळणाऱ्याला बुचकळ्यात पडावे लागत नाही.

शब्दमांड

इतकी खटपट कशाला? ओळीत गाव आणि तालुका लिहिलेलाच आहे. जेक्वेरीत कंटेन्स नावाचा सिलेक्टर, म्हणजे घटक निवडायचे सूत्र, आहे. त्याला ‘केरी’ दिले की केरीच्या ओळी, ‘फोंडा’ दिले की फोंड्याच्या ओळी. क्लास देण्याची गरजच उरत नाही.

शेवंती

शब्दमांड, आपल्या गोव्यात हे चालणार नाही, आणि उदाहरण तुम्हीच दिले आहे. केरी फोंड्यात आहे, केरी सत्तरीत आहे आणि तेरेखोलच्या मुखाशी पेडण्यातही केरी आहे. सत्तरीच्या माणसाने केरीची नाटके मागितली आणि त्याला तीन तालुक्यांतल्या ओळी मिळाल्या, तर त्याने काय करावे? शिवाय कंटेन्स पूर्ण शब्द पाहत नाही, अक्षरांचा तुकडा कुठेही सापडला तरी ती ओळ उचलतो. बार्देशातले वेरे शोधायला गेलात तर सावईवेरेही येईल.

तिसरी अडचण याहून मोठी. कंटेन्स हा घटकाच्या आतला सगळा मजकूर पाहतो. एखाद्या मंडळाच्या नावात फोंडा हा शब्द असेल आणि त्या मंडळाचा प्रयोग डिचोलीत असेल, तरी ती ओळ फोंड्याची म्हणून दिसेल. पात्रपरिचयातल्या एखाद्या कलाकाराच्या गावाचा उल्लेख आला, तरी तेच. तालुका ही माहिती आहे. ती मजकुरातून हुडकून काढण्यापेक्षा ओळीवर नोंदवलेली असावी. क्लास चालेल, पण माझ्या मते डेटा-तालुका असा ॲट्रिब्यूट, म्हणजे टॅगवरच लिहिलेली नोंद, अधिक चांगला, कारण क्लास सहसा रूपासाठी वापरले जातात आणि उद्या कोणी रंग बदलताना तो काढूनही टाकेल.

शब्दमांड

केरीचा मुद्दा मान्य. पण लोकांना शोधण्यासाठी एक चौकट द्यायची असेल, नाटकाचे किंवा मंडळाचे नाव टाइप करून शोधायचे असेल, तर मजकूर पाहण्यावाचून गत्यंतर नाही. तिथे क्लास किंवा ॲट्रिब्यूट काय करणार?

शेवंती

त्या कामासाठी मजकूर पाहावाच लागेल, हे बरोबर. तेव्हा कंटेन्सऐवजी फिल्टरला एक फंक्शन द्यावे. फंक्शन प्रत्येक ओळीसाठी एकदा चालते. त्याने ट्रू परत दिले तर ओळ राहते, फॉल्स दिले तर गळते. फंक्शनच्या आत फक्त नाटकाच्या नावाचा रकाना पाहायचा, की मंडळाचाही, हे आपण ठरवतो. कंटेन्सला हा विवेक नाही.

फंक्शन लिहिताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. जेक्वेरीच्या फिल्टरमध्ये फंक्शनला आधी क्रमांक मिळतो आणि नंतर घटक. जावास्क्रिप्टच्या ॲरेच्या फिल्टरमध्ये आधी घटक आणि नंतर क्रमांक. दोन्ही वापरणाऱ्याची इथे हमखास गल्लत होते. आणि बाणाच्या चिन्हाचे नवे ॲरो फंक्शन लिहिले, तर त्यात ‘धिस’ म्हणजे ती ओळ नसते. घटक दुसऱ्या पॅरामीटरमधूनच घ्यावा लागतो.

मांडवीकाठ

शोधण्याचा विषय निघालाच आहे तर देवनागरीची एक बाब सांगणे अत्यावश्यक आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द पाहा. यातला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो. एक प्रकार म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त आणि मग य. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, मग न दिसणारा शून्यरुंदी जोडक आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, डोळ्यांना तसूभरही फरक कळत नाही, पण संगणकाच्या दृष्टीने या अक्षरांच्या दोन निराळ्या माळा आहेत. मंडळाने एका पद्धतीने पाठवले आणि वाचकाने दुसऱ्या पद्धतीने टाइप केले, तर शोध रिकामा.

जावास्क्रिप्टमध्ये नॉर्मलाइझ नावाची मेथड २०१५ च्या मानकापासून आहे. र आणि त्याखाली नुक्ता अशी जोडी एनएफसी या युनिकोडच्या जोडलेल्या रूपात आणली की तिचा ऱ होतो, तेवढे काम ती करते. पण शून्यरुंदी जोडक ती काढत नाही. म्हणून ‘र, हलन्त, जोडक’ हा तुकडा सापडला की तिथे ‘ऱ, हलन्त’ घालावा, आणि हे मजकुरावर आणि वाचकाने टाइप केलेल्या शब्दावर, दोन्हींवर करावे. दर कळ दाबल्यावर सगळ्या ओळींचा मजकूर पुन्हा शुद्ध करण्यापेक्षा पान उघडताना एकदाच तो तयार करून प्रत्येक ओळीबरोबर ठेवून द्यावा.

गावांच्या नावांतही आपल्याकडे म्हार्दोळ आणि मार्दोळ, म्हापसा आणि म्हापसे अशी रूपे चालतात. त्याला मात्र अक्षरांची शुद्धी पुरणार नाही; प्रत्येक गावाला एक ठरलेली खूण देऊन ती ॲट्रिब्यूटमध्ये ठेवणे हाच मार्ग.

अबोली

मांडवीकाठ, मनापासून आभार. मराठी पानांवर शोध चालत नाही अशी तक्रार आम्ही एका ग्रंथालयाच्या यादीबाबत नेहमी ऐकतो, आणि कारण बहुधा हेच असणार.

कुळागर

शेवंतीताईंनी डेटा ॲट्रिब्यूट सुचवला आहे, त्याबद्दल एक सावधगिरी. जेक्वेरीची डेटा ही मेथड वापरून तालुका वाचता येतो, परंतु तीच मेथड वापरून तालुका बदलला, तर नवे मूल्य जेक्वेरीच्या स्वतःच्या साठ्यात राहते; एचटीएमएलवरचा ॲट्रिब्यूट बदलत नाही. नंतर ॲट्रिब्यूटच्या सिलेक्टरने ओळी मागितल्या तर जुन्याच मूल्याप्रमाणे मिळतात. ज्यावर निवड करायची आहे ते मूल्य बदलताना ॲटर ही मेथड वापरावी.

आणि आयडीचे. ‘जत्रा’ असा एकच आयडी दहा ओळींना देणारी पाने मी पाहिली आहेत. आयडीने मागितले की जेक्वेरी पहिलाच घटक आणते, बाकीचे नऊ कधी हाती येत नाहीत.

पर्वरीची पायरी

मी बारावीला संगणक विषय घेतला आहे. एक शंका विचारते. इक्यूला एक दिला की दुसरी ओळ येते, पण एनथ-चाइल्डला एक दिला की पहिली ओळ येते. असे का? आणि इव्हन म्हटले की पहिली, तिसरी, पाचवी ओळ रंगते, हे तर अगदी उलटे वाटते.

बेतीची फेरी

शंका योग्य आहे, बाय. इक्यू, इव्हन, ऑड, फर्स्ट हे जेक्वेरीचे स्वतःचे सिलेक्टर आहेत आणि ते जावास्क्रिप्टच्या रीतीप्रमाणे शून्यापासून मोजतात. शून्य ही सम संख्या, म्हणून इव्हनमध्ये पहिली ओळ येते. एनथ-चाइल्ड हा सीएसएसचा, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेचा, सिलेक्टर. तो एकापासून मोजतो, म्हणून तिथे सम म्हणजे दुसरी, चौथी.

याहून महत्त्वाचा फरक असा की इक्यू आणि इव्हन हे हाती आलेल्या संचातला क्रम पाहतात, तर एनथ-चाइल्ड हा घटक आपल्या जनकाच्या पोटी कितवा आहे ते पाहतो. संच चाळल्यामुळे एनथ-चाइल्डचा क्रम बदलत नाही. अंत्रुजकर यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे मूळ नेमके इथेच आहे: ओळी लपल्या तरी त्या टीबॉडीच्या पोटी आहेतच, आणि सीएसएस त्यांनाही मोजत राहतो.

शिकत असशील तर हेही लक्षात ठेव की स्थान पाहणारे हे सिलेक्टर जेक्वेरी ३.४ पासून, म्हणजे २०१९ पासून, कालबाह्य ठरवले आहेत. त्यांच्या जागी त्याच नावांच्या मेथड वापरायच्या. इव्हन आणि ऑड या मेथड ३.५ मध्ये, २०२० साली, त्यासाठीच आल्या.

सत्तरीचा वाटसरू

मग दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जेक्वेरीतच असे होईल: सर्व प्रयोग-ओळींवरून रंगाचा क्लास काढायचा, मग दिसणाऱ्या ओळी फिल्टरने घ्यायच्या, त्यावर ऑड मेथड लावायची आणि त्यांना क्लास द्यायचा. प्रत्येक बटणानंतर आणि शोधाच्या प्रत्येक अक्षरानंतर हे पुन्हा करावे लागेल.

इथे व्हिजिबल हा सिलेक्टर वापरताना त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. घटक पानावर जागा घेतो का, एवढेच तो पाहतो. सीएसएसने व्हिजिबिलिटी हिडन केलेला किंवा पूर्ण पारदर्शक केलेला घटक डोळ्यांना दिसत नाही, पण जागा घेतो, म्हणून जेक्वेरी त्याला दिसणारा म्हणते.

शेवंती

आता ब्राउझर पुढे गेले आहेत, त्यामुळे रंगासाठी जावास्क्रिप्टची गरज राहिलेली नाही. एनथ-चाइल्डच्या कंसात ‘इव्हन’ लिहून पुढे ‘ऑफ’ आणि एक सिलेक्टर देता येतो. मग मोजणी फक्त त्या सिलेक्टरला जुळणाऱ्या भावंडांची होते. सफारीत हे फार आधीपासून आहे, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये २०२३ पासून. ओळ लपवताना जेक्वेरीची हाइड मेथड न वापरता प्रॉपने हिडन हा गुण लावावा, आणि सीएसएसमध्ये ‘हिडन नसलेल्यांपैकी सम’ अशी निवड लिहावी. ओळी लपोत वा दिसोत, रंगांचा क्रम ब्राउझरच सांभाळतो. हाइड मेथड ओळीवर इनलाइन डिस्प्ले नन लिहिते, हिडन हा ॲट्रिब्यूट लावत नाही, म्हणून ती इथे जुळणार नाही.

अंत्रुजकर

शेवंतीताई, हे करून पाहिले. संगणकावर फारच सुंदर चालते. फोनवर मात्र हिडन लावलेल्या ओळीही दिसतात.

शेवंती

फोनसाठी टीआरला डिस्प्ले ब्लॉक दिलेला आहे का? अरुंद पडद्यावर ओळी कार्डांसारख्या मांडताना बहुतेक जण तसे करतात. हिडनमुळे येणारा डिस्प्ले नन हा ब्राउझरच्या मूळ नियमांतला असतो. आपल्या सीएसएसमधला कोणताही डिस्प्ले त्याच्यावर मात करतो. ‘हिडन असलेला टीआर, डिस्प्ले नन’ असा नियम आपल्या फाइलमध्ये शेवटी स्वतः लिहा.

अंत्रुजकर

होय, तेच कारण होते. आता दोन्हीकडे ठीक दिसते.

मांडवीकाठ

वेगाबद्दल अजून कोणी बोलले नाही, आणि वेळापत्रकात शेकडो ओळी असतील तर तो विचार करावा लागेल. सिलेक्टर शुद्ध सीएसएसचा असेल तर जेक्वेरी तो ब्राउझरच्या क्वेरीसिलेक्टरऑल या अंगभूत सोयीकडे सोपवते. ती फार जलद असते. पण त्याच सिलेक्टरमध्ये व्हिजिबल, कंटेन्स किंवा इक्यू असे जेक्वेरीचे खास शब्द मिसळले, की ब्राउझरला ते कळत नाहीत आणि सगळी निवड जेक्वेरीला स्वतःच्या यंत्रणेने करावी लागते. म्हणून आधी शुद्ध सीएसएसने ओळी घ्याव्यात आणि मग त्या संचावर फिल्टरने व्हिजिबल लावावा. एका वाक्याची दोन वाक्ये होतात, पण जड काम ब्राउझर करतो.

तसेच प्रत्येक बटणावर ओळी नव्याने मागू नयेत. एकदा घेतलेला संच व्हेरिएबलमध्ये ठेवावा. मात्र तो संच म्हणजे त्या क्षणाची नोंद असते. नंतर सर्व्हरवरून नव्या ओळी आल्या तर त्या जुन्या संचात येत नाहीत, संच पुन्हा घ्यावा लागतो. क्लिकचेही तसेच: प्रत्येक ओळीला क्लिक जोडण्यापेक्षा टीबॉडीला ऑन मेथडने एकच क्लिक जोडून दुसऱ्या पॅरामीटरमध्ये ‘.प्रयोग’ द्यावे, म्हणजे उद्या येणाऱ्या ओळींनाही ते लागू पडते.

अंत्रुजकर

सर्वांचे आभार. पहिल्या दोन प्रश्नांचे समाधान झाले. तिसरा प्रश्न मात्र तसाच राहिला आहे: जेक्वेरी ठेवावी की सोडावी?

दिवाडीकर

माझे मत सोडावी असे आहे, आणि त्यामागे राग नाही. जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये जेक्वेरी आणली तेव्हा सीएसएसच्या सिलेक्टरने घटक निवडण्याची सोय ब्राउझरांत नव्हतीच, आणि प्रत्येक ब्राउझर निराळा वागत असे. त्या काळात या लायब्ररीने जे केले त्याला तोड नाही. आज ब्राउझरमध्ये क्वेरीसिलेक्टरऑल, मॅचेस आणि क्लोजेस्ट आहेत, ते सरळसरळ तिच्याच वाटेने आलेले आहेत. सीएसएसमधला हॅज हा सिलेक्टरही २०२३ च्या डिसेंबरात फायरफॉक्समध्ये आला आणि सर्व मुख्य ब्राउझरांत उपलब्ध झाला. मग तालुका निवडण्यासाठी सुमारे तीस किलोबाइटची लायब्ररी फोनवर उतरवावी का? सत्तरीतल्या काही भागांत रेंज किती मिळते, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. क्वेरीसिलेक्टरऑलने ओळी घ्या, फॉरईचने फिरा आणि प्रत्येक ओळीचा हिडन गुण ठरवा. चार ओळींत काम होते.

कुळागर

दिवाडीकर, आपले म्हणणे पटण्यासारखे आहे, पण ‘सरळसरळ’ हा शब्द मला थोडा खटकतो, कारण दोन्हींची वागणूक तंतोतंत सारखी नाही आणि अंत्रुजकर यांच्या पानावर तो फरक नेमका आडवा येईल. प्रयोगाची एक ओळ हाती आहे असे धरा. त्या ओळीवर जेक्वेरीच्या फाइंडने ‘टेबल टीडी’ मागितले तर आतल्या छोट्या टेबलाचेच टीडी मिळतात. तेच क्वेरीसिलेक्टरऑलने मागितले तर ओळीतले सगळे टीडी मिळतात, गाव आणि तिथीचेसुद्धा. कारण ब्राउझर सिलेक्टर संपूर्ण पानाच्या संदर्भात जुळवतो. ओळीच्या बाहेर, वर असलेले मोठे टेबलही त्याच्या लेखी ‘टेबल’च. ओळीपुरते मर्यादित ठेवायचे तर सिलेक्टरच्या आरंभी स्कोप लिहावा लागतो.

शिवाय क्वेरीसिलेक्टरऑलकडून मिळणाऱ्या नोडलिस्टवर फॉरईच आहे, फिल्टर नाही. आधी ॲरे फ्रॉमने तिचा ॲरे करावा लागतो. हे सर्व करता येते, यात वाद नाही. ठाऊक असायला हवे, एवढेच म्हणणे आहे.

दिवाडीकर

स्कोपचा मुद्दा अगदी बरोबर आहे, आणि तो या पानासाठी महत्त्वाचा आहे हेही मान्य. तरीही नवे पान करणाऱ्याने अंगभूत सोयी वापराव्यात, हे माझे मत कायम आहे.

पर्वरीची पायरी

मग मी यातले आधी काय शिकावे?

बेतीची फेरी

सीएसएसचे सिलेक्टर. ते दोन्हीकडे लागतात, आणि पान सजवतानाही लागतात. फिल्टर, फाइंड आणि क्लोजेस्ट यांतला जो फरक वर आला आहे, तो जेक्वेरीत समजला की मॅचेस आणि क्वेरीसिलेक्टरऑल समजायला वेळ लागत नाही. एक छोटे टेबल करून त्यावर प्रत्येक मेथडची लेंग्थ छापून पाहा. वाचण्यापेक्षा त्याने लवकर उमजते.

शेवंती

अंत्रुजकर, तुमच्यापुरते उत्तर द्यायचे तर जेक्वेरी आत्ता राहू द्यावी. पानावर ती आहेच, इतर कामांतही वापरलेली असेल, आणि जत्रांचे दिवस तोंडावर असताना चालते पान उकलून बसणे योग्य नाही. लायब्ररीही सोडून दिलेली नाही, ४.० ची बीटा आवृत्ती २०२४ च्या फेब्रुवारीत आली आणि तीत इंटरनेट एक्सप्लोररच्या १० व त्याआधीच्या आवृत्त्यांचा आधार काढून टाकला गेला. मात्र नवे जे लिहाल त्यात कंटेन्स, इक्यू, व्हिजिबल हे खास सिलेक्टर टाळा आणि निवड शुद्ध सीएसएसमध्ये, डेटा-तालुका या ॲट्रिब्यूटवर ठेवा. पुढे कधी दिवाडीकर म्हणतात तशी लायब्ररी काढायची झाली, तर सिलेक्टर जसेच्या तसे राहतील, भोवतालच्या मेथड तेवढ्या बदलाव्या लागतील.

अंत्रुजकर

हे पटले, आणि त्याप्रमाणेच करतो. ओळींना डेटा-तालुका आणि डेटा-गाव असे दोन्ही ॲट्रिब्यूट देत आहे. गावाच्या खुणेत तालुकाही धरला आहे, म्हणजे फोंड्यातली केरी, सत्तरीतली केरी आणि पेडण्यातली केरी वेगळ्या राहतील. एकच विचारायचे राहिले. एखाद्या तालुक्यात त्या आठवड्यात एकही प्रयोग नसेल, तर बटण दाबल्यावर टेबल नुसतेच रिकामे दिसते आणि पान बिघडले आहे असा वाचकांचा समज होतो.

सत्तरीचा वाटसरू

फिल्टर केल्यावर मिळालेल्या संचाची लेंग्थ शून्य आहे का ते पाहा आणि तसे असेल तर ‘या आठवड्यात या तालुक्यात प्रयोग नाही’ असा मजकूर दाखवा. तो मजकूर टेबलाच्या बाहेर, खाली एका परिच्छेदात ठेवा. टीबॉडीत नवी ओळ करून घातलात तर ती प्रयोगांच्या ओळींत मोजली जाईल. त्याहून बरे म्हणजे पान उघडतानाच प्रत्येक तालुक्याची लेंग्थ मोजून ती त्याच्या बटणावर लिहावी आणि जिथे शून्य असेल ते बटण डिसेबल करावे. सर्व्हरवरून नव्या ओळी आल्या की ही मोजणी पुन्हा करायला विसरू नका.